कोट शिवू नकोस, तुण

प्रिय सुधीर,

कसरीने खाल्लेल्या कोटाचं भोक 'शिवून टाकतो' असं लिहिलंस. कृपा करून शिवू नकोस. शिवताना दोन्ही कडा ओढून जवळ येतात, कापड आखडतं आणि टाके संपतात तिथे ताण येऊन ते नव्याने फाटतं. रफू करताना, नाहीसं झालेलं कापड जागच्या जागी परत विणायचं असतं.

रफू करण्याला आपला जुना शब्द 'तुणणे'. संस्कृतात तुद् म्हणजे टोचणे, तुन्न म्हणजे टोचलेलं. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हटलंय आणि त्यातला 'वाय' हा विणकर, 'तंतुवाय'मधलाच. सुई आणि वीण दोन्ही एका शब्दात! तुणणे मागे पडलं, रफू राहिला. तो अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच अरबी धातूचा 'रिफा' म्हणजे एकोपा. जुन्या अरबी शुभेच्छेत नवरा-नवरीला 'रिफा' आणि पुत्र लाभोत असं म्हणत. फाटलेलं सांधायचा शब्द लग्नात यावा, हे मला फार आवडतं.

ठिगळ वेगळं, ते वरून लावायचं. भोकाभोवतीचं कापडच विरलं असेल तर मात्र ठिगळच बरं, कारण रफूला धरायला धड कापड लागतं.

आधी कोट ड्रायक्लीन करून घे, नाहीतर राहिलेल्या अळ्या रफूही खातील. धागा आतल्या शिवणीत दाबलेल्या कापडातून उसवून काढ; विकतच्या धाग्याचा रंग जुळला तरी पीळ आणि जाडी जुळत नाही. कडा कापू नकोस. उलट्या बाजूने आधी उभे धागे भर, भोकाच्या दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर धड कापडात नेऊन. प्रत्येक वळणावर बारीकसा फास मोकळा सोड, कारण धुतल्यावर नवा धागा आटतो आणि फास नसला की चुणी पडते. मग आडवे धागे. साध्या विणीत एक वर, एक खाली. तुझ्या कोटावर तिरप्या रेघा असतील तर दोन वर, दोन खाली, आणि दर ओळीला एक धागा सरकायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं: साधी वीण भरली की रेघा तुटतात आणि चौकोन लांबूनही दिसतो. गाठ कुठेच मारू नकोस, इस्त्रीत ती सुलट बाजूला उमटते.

शेवटी ओलं फडकं ठेवून उलट्या बाजूने इस्त्री दाबायची आणि उचलायची. घासायची नाही.

भोक किती मोठं आहे ते मोजून कळव.

तुझा,
विनायक