काका, तो उलटा धरलेला कागद

आदरणीय काका,

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही कुणाला भाषण करू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. "मी काय मोठं केलं?" असं म्हणालच, तर सांगतो.

होनिंग केलेल्या, म्हणजे घासणाऱ्या दगडांनी आतून घासलेल्या, इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीचं संगणकावर मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आरए (मध्यरेषेपासूनच्या चढउतारांची सरासरी) जुळला की पृष्ठभाग जुळला असं मी धरून चाललो होतो. प्रोफाइलचा, म्हणजे भिंतीवरून मोजलेल्या एका रेषेच्या चढउतारांचा, कागद घेऊन तुमच्या मोजमापाच्या खोलीत आलो. तुम्ही तो उलटा केलात आणि विचारलंत, "आता आरए किती?" तेवढाच! पण सुलट्या कागदावर सपाट पठारं होती आणि त्यांत तेल धरणारे खोल चरे. उलट्यावर त्याच चऱ्यांचे सुळके झाले होते, पिस्टन रिंगला ओरबाडतील असे.

मग मी स्क्यूनेसही जुळवला, म्हणजे चढउतार सुळक्यांकडे झुकलेत की दऱ्यांकडे ते सांगणारा आकडा. तरी मॉडेल खोटंच दिसे. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात. "भिंत दोनदा घासलीय ना? मग गणित एकदाच घासल्यासारखं का करतोस?"

खरंच की. प्लॅटो होनिंगमध्ये, म्हणजे पठारं ठेवणाऱ्या या घासणीत, आधी जाड दगड खोल चरे पाडतो, मग बारीक दगड नुसते माथे उडवतो. म्हणून मी दोन पृष्ठभाग बनवले, एक खडबडीत आणि एक तलम. तलम जरा खालच्या पातळीवर ठेवला आणि प्रत्येक बिंदूला दोन्हींतली कमी उंची घेतली. बेअरिंग कर्व्ह, म्हणजे कुठल्या उंचीवर किती टक्के धातू आहे ते दाखवणारा आलेख, संभाव्यतेच्या कागदावर (ज्यावर घंटेच्या आकाराचं वितरण सरळ रेषा होतं) काढला, तर त्याच्या दोन सरळ रेषा पडल्या. कमी उताराची रेषा पठाराचा खडबडीतपणा सांगते, तीव्र उताराची दऱ्यांचा, आणि जिथे त्या मोडतात तिथे पठार संपतं. अशा पृष्ठभागांच्या मोजमापाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३५६५, त्याच्या तिसऱ्या भागात हेच लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं, पण दगड डोळ्यांसमोर नव्हते.

सगळ्यात मोठा उपकार मात्र फिल्टरचा. प्रत्येक खोल चऱ्याच्या दोन्ही काठांना मला उंचवटे दिसत होते आणि दगडाने धातू वर लोटला म्हणून मी त्यावर दोन पानं लिहून मोकळा झालो होतो. तुम्ही फक्त कच्चं, फिल्टर न लावलेलं प्रोफाइल काढायला लावलंत. त्यात उंचवटे नव्हतेच! साधा गाऊस फिल्टर आजूबाजूच्या उंचींची भारित सरासरी घेऊन मध्यरेषा काढतो, म्हणून खोल चऱ्याजवळ ती खाली ओढली जाते. ती वजा केली की शेजारचं पठार उगाच वर आल्यासारखं दिसतं. (धातू खरोखर लोटला जातो, चऱ्यावर त्याची घडीही पडते, पण हे ते नव्हतं.) त्याच मानकाच्या पहिल्या भागातली रीत तुम्ही कागदाच्या पाठीवर लिहून दिलीत: मध्यरेषेखालच्या दऱ्या कापायच्या, पुन्हा फिल्टर लावायचा, आलेली रेषा मूळ प्रोफाइलमधून वजा करायची. कट-ऑफ (ज्या लांबीपाशी फिल्टर लांब लाटा आणि खडबडीतपणा वेगळे करतो ती) ०.८ मिलिमीटर, मोजायची लांबी ४ मिलिमीटर. ती दोन पानं मी फाडली. कुणाला कळलं नाही, आज कळेल.

आता काम क्रॉसहॅचच्या, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या चऱ्यांच्या, कोनाशी अडलंय. स्टायलसच्या (भिंतीवरून सरकणाऱ्या मोजणीच्या सुईच्या) एका रेषेला कोन कुठून दिसणार? म्हणून पहिल्यांदाच अख्ख्या क्षेत्राचं मोजमाप घेतलंय. दोन्ही दिशांचे चरे छान उठून दिसतात, जरा जास्तच छान, म्हणून अजून कुणाला दाखवलेले नाहीत. कच्चा डेटा आणि तो लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं), दोन्ही तसेच ठेवलेत. सवड होईल तेव्हा या.

तुमचा,
दोन पानं फाडलेला