सातबाऱ्याच्या जागी प्रश्नचिन्हं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी रावेर तालुक्यात ऑनलाइन सेंटर चालवतो, म्हणजे उतारे काढून देणं, फॉर्म भरणं, झेरॉक्स, असलं सगळं. वादळी वाऱ्यात केळी आडवी झाली तेव्हा गावातले एक नाना नुकसानीचे फोटो आणि सातबारा मेल करायला आले. ऑफिसने सांगितलेलं की १० एमबीपर्यंत चालेल, आमची सगळी मिळून एकच पीडीएफ झाली ८ एमबीची, म्हटलं नाना बिनधास्त राहा, सेंड केलं आणि दोन मिनिटांत मेल परत, कारण काय तर साइज जास्त. नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जसे मीच त्यांचे ३० रुपये लाटले.

आता यात गंमत अशी की मेलची मूळ पद्धत, एसएमटीपी, आहे १९८२ची. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि खुणा धरलेल्या, ७ बिटांत मावतील तेवढ्या १२८, फोटोबिटो त्यातून जायचाच नाही. मग १९९२मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड या दोघांनी माइम आणलं, तेव्हापासून अटॅचमेंट साध्या अक्षरांत बदलून जाते, त्याला बेस६४ म्हणतात. ३ बाइटची ४ अक्षरं होतात, वरून दर ७६ अक्षरांना नवी ओळ, म्हणजे ८ची फाइल वाटेत जवळपास ११ची होते. आपल्याकडे केळी खोक्यात भरून काट्यावर ठेवली तर वजन खोक्यासकटच येणार ना, तसंच. सर्व्हर खोक्यासकट मोजतो आणि ऑफिस नुसत्या केळीचं वजन सांगतं.

बरं, फोटो बारीक करून ६ एमबीत पाठवलं, गेलं. चार दिवसांनी फोन, तुमची फाइल उघडत नाही, व्हायरस असेल. नानांना गाडीवर घेऊन गेलो. साहेबांच्या स्क्रीनवर फाइलच्या नावात नुसती प्रश्नचिन्हं, शेवटी पीडीएफ. मी नाव दिलेलं ‘नानांचा सातबारा’. नाव मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत जातं, तिथेही जुना नियम तोच, म्हणून मराठी अक्षरं कोडमध्ये बदलून पाठवतात, युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रासुद्धा ३ बाइटचं असतं, आणि वाटेतल्या एखाद्या जुन्या सर्व्हरला ते कळलं नाही की तो सरळ प्रश्नचिन्ह ठोकतो. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, मग सेव्ह कुठून होणार! तिथेच मोबाइलवरून तीच फाइल इंग्रजी नावाने परत पाठवली, लगेच उघडली. नाना म्हणे, ‘भो, मराठीत नाव देनं काय गुन्हा हाये का?’ साहेब काहीच बोलले नाहीत.

हेडरमध्ये थेट मराठी चालवायचं स्टँडर्ड २०१२पासून आहे, दोन्हीकडचे सर्व्हर तयार पाहिजेत एवढंच. ते होईल तेव्हा होईल, पण मर्यादा १० असेल तर लोकांना ७ सांगा आणि फाइल उघडली नाही तर चार दिवस थांबू नका, त्याच दिवशी कळवा, मुदत शेतकऱ्याची जाते.

आपला,
एक सेंटरवाला, ता. रावेर