अण्णांचे खिळे

गिरगाव, मुंबई

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल वाचली. अण्णांचा छापखाना रिकामा करून खिळे, म्हणजे छपाईची ती शिशाची अक्षरं, भंगारात वजनावर द्यायचे ठरवलंयस. छपाईचं ट्रेडल मशीन काढ, खिळ्यांच्या पेट्या ठेवायचे लाकडी घोडे काढ, माझं काही म्हणणं नाही. गाळ्याचं भाडं तू भरतोस. पण खिळ्यांच्या दोन केसा, म्हणजे त्या खणांच्या पेट्या, तेवढ्या ठेव. का, ते जरा पाल्हाळानं सांगतो, तुला माझी सवय आहेच.

मुंबईत छपाई आणायचा खटाटोप शिवराज्याभिषेकाच्या वर्षीच, म्हणजे १६७४ साली झाला होता. भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीनं हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून धाडला. त्याला छापता येत होतं, पण देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. तिथंच घोडं पेंड खात होतं. पोलादी कांबीच्या टोकाला अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा काढायचा आणि त्यात शिसं, अँटिमनी, कथलाचा रस ओतायचा, हे काम वेगळंच. त्यात आपली जोडाक्षरं! इंग्रजीवाल्याची एक केस भरते तेवढ्यात आपल्याकडे निम्मी बाराखडीही होत नाही.

म्हणून मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी सुरुवातीला खिळ्यांचा नादच केला नाही. दगडावर लिहून १८३१ साली पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात, तर त्यांनी तुपाची शाई केली. मला हा माणूस भलता आवडतो. शास्त्रार्थ करत बसले नाहीत, सरळ शाई बदलली.

आणि जावजी दादाजी. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलेला हा मुलगा. १८६४ साली त्यांनी खिळे ओतायची स्वतःची फाउंड्री काढली, १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. कोलभाट गल्लीत, म्हणजे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं छापलेले संस्कृत ग्रंथ देशभरचे पंडित वापरत. ती अक्षरं कोरली राणोजी रावजी आरूंनी. शाळेत आपल्याकडून ‘दर्पण’ची तारीख घोकून घेतली, ६ जानेवारी १८३२. बाळशास्त्री मोठेच, त्याबद्दल वाद नाही. पण आरूंचं नाव एका तरी धड्यात होतं का? ज्यानं लिहिलं त्याचा पुतळा, ज्यानं अक्षर घडवलं तो बेपत्ता. याचा मला खरोखर राग येतो.

आता अण्णांच्या त्या पेट्यांकडे ये. त्यांच्याकडे दोन्ही तऱ्हेचे खिळे होते. एक डिग्रीचे: ओळ एक, पण जुळवायची तीन थरांत. मधे अक्षरं, वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. जिथं मात्रा नाही तिथंही वर कोरा तुकडा भरायचा, नाहीतर ओळ ढासळते. खिळे झिजले की मात्रा आणि शिरोरेषा यांच्यात बारीक फट दिसायला लागते. जुनी लग्नपत्रिका भिंगाखाली धरून बघ, लगेच कळेल. दुसरे अखंड: त्यांत मात्रेचा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर, चाळीच्या गॅलरीसारखा पुढे आलेला. दिसायला देखणं, पण दाब जास्त बसला की तोच भाग पहिल्यांदा तुटतो. अण्णा तुटके खिळे दिव्याखाली धरून निवडायचे आणि जुळाऱ्यावर ओरडायचे ते आठवतं ना? तेव्हा आपण हसायचो.

मधल्या काळात टंकलेखन, फोटोटाइपसेटिंग, डीटीपी असं बरंच झालं, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की संगणकावरचा ‘मंगल’ फाँट, ज्यात तू मला मेल लिहितोस, तो र. कृ. जोशींनी केला. ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. अर्धी मात्रा कुठं वळवायची, जोडाक्षर उभं रचायचं की आडवं, हे प्रश्न त्यांच्याही पुढ्यात होतेच. फक्त शिसं गेलं. मला ‘मंगल’ जरा रुक्ष वाटतो, पण पडद्यावर बारीक आकारात वाचता यावा म्हणून तो तसा आहे, हेही कबूल.

तर एक केस डिग्रीची ठेव आणि एक अखंडाची, तीही मोठ्या अक्षरांची. बारीक खिळे नुसते बघणाऱ्याला कळत नाहीत. खण रिकामे करू नकोस. एकदा खिळे मिसळले की कुठला कुठल्या घरचा ते लावायला अण्णांसारखा माणूस आता मिळायचा नाही. जे. जे.त शिकणारी एक-दोन मुलं माझ्याकडे येतात, त्यांना हे हातात घेऊन बघायचंय. तुझ्याकडे जागा नसेल तर माझा माळा आहे. टेम्पोचं भाडं मी देईन, तो वाद नको.

भंगारवाल्याला या दोन केसा बाजूला काढूनच वजन करायला सांग, आणि शिसं आहे तेव्हा नातवाला हात लावू देऊ नकोस. शनिवारी सकाळी येतो. वहिनींना नमस्कार, आणि जेवायला थांबणार नाही असं आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या पुरणाचा घाट घालतील.

तुझा,
मोहन