मुलांच्या मानसोपचाराचे शिक्षण शाळेपर्यंत यावे

महोदय,

मुलांच्या मानसिक आरोग्याचे स्वतंत्र उच्चशिक्षण आपल्याकडे अजून फार तोकडे आहे. मानसोपचारात एमडी केल्यावर बाल व किशोर मानसोपचाराचा तीन वर्षांचा डीएम हा पुढचा विशेष अभ्यासक्रम करता येतो, पण तो बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेसारख्या मोजक्याच ठिकाणी आहे. निम्हान्सनेच केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार.

मी मुंबईतील एका मराठी शाळेत बरीच वर्षे शिकवले. आठवीतील एक मुलगी दर सोमवारी पहिल्याच तासाला पोट धरून बसे. जंताचे औषध झाले, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. शेवटी तिच्या आईसोबत मीही एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी प्रश्नावली वाचली, ‘तुला निरुत्साही वाटते का?’ तिने मान हलवून नाही म्हटले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर दारापर्यंत रांग होती. परतताना आई औषधाच्या खिडकीशी उभी असताना ती बाकावर माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, सोमवारी पप्पांची सुट्टी असते. आईला एकटीला सोडून आलं की कसंतरी होतं.”

हे ‘कसंतरी’ कोणत्याही प्रश्नावलीत नसते. ते ऐकू येण्यासाठी शिकणाऱ्याला मुलांच्या बोलीत आणि त्यांच्या वर्गात वावरावे लागते.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. पण तो घडवणार कोण? मुंबईत महापालिकेची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि स्वतःच्या शाळाही आहेत. अशी सोय फार थोड्या शहरांना लाभते. तेव्हा या महाविद्यालयांत बाल मानसोपचाराच्या जागा वाढवाव्यात, आणि मानसोपचार, चिकित्सा मानसशास्त्र व मनोसामाजिक कार्य या तिन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना किमान सहा महिने आठवड्यातून दोन दिवस पालिका शाळांत अनुभवी मार्गदर्शकासह बसवावे, अशी माझी आयुक्तांना कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासाठी शाळेत दार लावून घेता येईल अशी एक खोली मात्र हवी. आमच्याकडे समुपदेशन जिन्याखाली चालत असे.

– एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई