ईस्टरच्या चार दिवसांसाठी जोडीदार जर्मनीला येणार असेल तर

संपादक महोदय,

एक जण जर्मनीत आणि दुसरा इथे, असा संसार आता पुण्यातल्या कितीतरी घरांत चालू आहे. कोणी म्युनिकला नोकरीत, कोणी आखेनला शिकायला, आणि नवरा किंवा बायको हिंजवडीत नाहीतर खराडीत. अशा जोडप्यांची भेट बहुधा ईस्टरला ठरते, कारण गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे या चार दिवसांत तिकडच्याला रजा टाकावी लागत नाही. जोडून आलेल्या सुट्ट्यांत कुठे फिरावे हे वर्तमानपत्रांतून भरपूर छापून येते. पण परदेशात एका खोलीत राहणाऱ्याने जोडीदाराला चार दिवस बोलवायचे, तर दोन्हीकडे काय तयारी लागते, हे नेमकेपणाने कुठे वाचायला मिळत नाही. चुका मात्र दर वर्षी त्याच त्या होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्वस्त दिसले म्हणून परत न करता येणारे तिकीट आधी काढणे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत येतो, पण जादा चौकशी निघाली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय अर्ज देण्यासाठी आधी वेळ मिळवावी लागते, आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर ती पटकन मिळत नाही. २०२७ मध्ये गुड फ्रायडे २६ मार्चला आहे. म्हणजे सप्टेंबरअखेरपासून अर्जाची दारे उघडी आहेत. जानेवारीच्या मध्यापर्यंत अर्ज गेला तर ४५ दिवस धरूनही श्वास घ्यायला जागा उरते. अर्जासोबत तिकिटाचे आरक्षण दाखवा, पैसे भरून पक्के तिकीट व्हिसा हातात आल्यावर घ्या. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, त्यावर अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा.

कागदपत्रांत दोन बाजू असतात आणि गोंधळ तिथेच होतो. तिकडच्याने निमंत्रणपत्र लिहायचे, सोबत पासपोर्टची आणि राहण्याच्या परवान्याची प्रत, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. इकडच्याने नोकरीच्या ठिकाणचे रजामंजुरीचे पत्र, बँकेची विवरणपत्रे, आयकर विवरणपत्र आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे. इकडचा जोडीदार स्वतः कमावत असेल आणि खात्यात पुरेशी शिल्लक असेल, तर तेवढ्यावर भागते. खर्च तिकडचा करणार असेल तर मात्र फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग लागते. हे त्याने आपल्या शहराच्या परकीय नागरिक कार्यालयात जाऊन करून घ्यायचे हमीपत्र. त्याचे शुल्क २९ युरो, पण त्यासाठी वेळ मिळायलाच मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे जातात, आणि मूळ प्रत कुरियरने पुण्याला पाठवावी लागते. स्कॅन केलेली प्रत चालेल असे धरून चालू नये.

निमंत्रणपत्रात नाते आहे तसे लिहावे. लग्न ठरले आहे पण झालेले नाही, अशी जोडपी ‘मित्राला भेटायला’ असे मोघम लिहितात, आणि मग विमानतळावरच्या उत्तरात व कागदात फरक पडतो. ‘आमचे लग्न ठरले आहे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत माझ्याकडे राहणार आहे’ एवढे सरळ वाक्य पुरते. तसेच, पॅरिससाठीची वेळ लवकर मिळते म्हणून फ्रान्सकडे अर्ज करून चारही रात्री जर्मनीत काढणे चुकीचे. अर्ज त्याच देशाकडे, जिथे जास्त दिवस राहणार. दिवस समसमान असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार तिथे. हे नियम काटेकोर पाळण्यात जोडप्यांचा स्वतःचा फायदाही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी अशी तरतूद आहे की मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर पाच वर्षांचा. वर्षातून दोनदा भेटणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांत लागू असणारा. तारखा टाकताना मुंबईचे विमान लक्षात ठेवा. युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर गुरुवार २५ मार्च, रात्री दोन असे असेल तर पुण्यातून निघायचे आहे ते बुधवारी. हा एका दिवसाचा घोळ रजेच्या अर्जातही होतो. द्रुतगती मार्गाने एरवी चार तासांत विमानतळ गाठता येतो, पण सुट्टीच्या आधी घाटात वाहने अडकतात. विमानतळावरचे तीन तास सोडून निदान सहा तास हातात ठेवावेत. निमंत्रणपत्र, विमा, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापील स्वरूपात हातातल्या पिशवीत असावा, मोठ्या बॅगेत नाही. युरोपच्या सीमेवर आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन प्रवेशाची डिजिटल नोंद होते. पहिल्या खेपेला तिथे वेळ जातो, म्हणून पुढची रेल्वे लगेचची धरू नये. जर्मन रेल्वेचे सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच चालते. विमानाला उशीर झाला तर ते तिकीट वाया जाते, कारण ती जबाबदारी रेल्वेची नसते. या एका प्रवासापुरते कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट घ्यावे.

आता पुण्याच्या घरच्यांना कळकळीची विनंती. बॅग भरताना प्रेमाबरोबर नियमही पाहा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत, थोडेसे असले तरी. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, तूप, सगळे बाद. ताज्या फळांत केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन सोडून बाकी सर्वांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूसची पेटी नको आणि कढीपत्त्याची जुडी तर मुळीच नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ज्वलनशील मानल्या जातात, त्या विमान कंपनीच अडवते. भाकरवडी, चिवडा, शेव, पापड, लोणचे, मेतकूट, गोडा मसाला, कोकम, कोरड्या चटण्या खुशाल द्या. कारखान्यात बंद केलेली आणि घटकांची यादी छापलेली पाकिटे असतील तर तपासणीत बोलणेच कमी होते. श्रीखंड तिकडे करता येते. ४० टक्के स्निग्धांशाचे अर्धा किलो क्वार्क, म्हणजे तिकडे मिळणारा चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ, पातळ फडक्यात दोन तास टांगावे, मग पाव किलो पिठीसाखर, केशर आणि वेलची. क्वार्क आपल्या चक्क्यापेक्षा कमी आंबट असते, म्हणून साखर एकदम न घालता चाखत घालावी. शून्य टक्क्याचे क्वार्क घेतले तर श्रीखंड पातळ आणि खडबडीत होते.

तिकडच्याची खरी परीक्षा किराण्यात आहे. जर्मनीत रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकाने बंद असतात. ईस्टरच्या चार दिवसांत ती फक्त शनिवारी उघडी, आणि त्या दिवशी अर्धे शहर तिथेच लोटते. दुपारनंतर पाव, अंडी, कोथिंबीर यांच्या जागा रिकाम्या दिसतात. म्हणून मुख्य खरेदी बुधवारीच उरकावी. दोघांना चार दिवस म्हणजे दूध ३ लिटर, दही १ किलो, बटाटे दीड किलो, कांदे १ किलो, टोमॅटो पाऊण किलो, दोन-तीन भाज्या, १ किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ. पालेभाजी आणि पाव तेवढा शनिवारी सकाळी आठच्या आत. पोळ्यांसाठी भारतीय दुकानातली कणीक मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास पाकिटावर ४०५ क्रमांक छापलेले तिथले पीठ वापरू नये; तो आपला मैदाच, पोळी वातड होते. नुसत्या कोंड्यासकट पिठाची पोळी लाटताना कडेने फाटते. १०५० क्रमांकाचे दोन भाग आणि कोंड्यासकट दळलेले बारीक पीठ एक भाग, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवले की पोळी जमते. काही राहूनच गेले तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने सुट्टीलाही उघडी असतात, भाव मात्र चढे.

एका खोलीच्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र पलंगावरच्या छतावर असते आणि शेगडी तिथून चार पावलांवर. मोहरी तडतडली, मिरची पडली की ते किंचाळते. त्याची बॅटरी काढून ठेवणे धोक्याचे आहे आणि घरमालकाशी वाद ओढवून घेणारेही. खिडकी आधी पूर्ण उघडावी, तेल धुरावण्याआधी फोडणी द्यावी, वर झाकण ठेवावे. रात्री दहा ते सकाळी सहा आणि सुट्टीचा अख्खा दिवस शांततेचा; व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल असले काही चालवू नये. थोड्या दिवसांच्या पाहुण्यासाठी घरमालकाची परवानगी लागत नाही. विद्यार्थी वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, तिथे आधी लेखी विचारावे. एवढ्या मुक्कामासाठी पाहुण्याला पत्त्याची नोंदणी करावी लागत नाही.

औषधांचे तर आवर्जून सांगायला हवे. जर्मनीत साधी पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही, ती औषधाच्या दुकानातच. सुट्टीला प्रत्येक भागातले एखादेच दुकान पाळीने उघडे असते, त्याचा पत्ता बंद दुकानाच्या दारावर लावलेला असतो आणि अशा वेळी अडीच युरो जादा पडतात. रोजची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह पुण्यातूनच न्यावीत. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतले तर ११२. हे दोन्ही क्रमांक पाहुण्याच्या फोनमध्ये उतरल्या उतरल्या घालावेत. तिथले सिमकार्ड ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही, त्यामुळे रोमिंग किंवा ई-सिम इथूनच घेऊन जावे.

फिरण्याबाबत माझे मत ठाम आहे: चार दिवसांत दुसरा देश नको. प्राग किंवा पॅरिस केले की दोन दिवस गाडीत आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात जातात. महिनोन्‌महिने वेगळे राहिलेल्या दोघांना एकत्र स्वयंपाक, रोजची ट्राम, ऑफिसची इमारत, नेहमीची बाग हे सगळे दाखवायला-बघायला वेळ हवा असतो. एक दिवस बाहेर जायचेच तर प्रादेशिक गाड्यांचे राज्य तिकीट, म्हणजे एका राज्यात दिवसभर चालणारे तिकीट, घ्यावे. एरवी ते सकाळी नऊनंतर चालते, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून. गुड फ्रायडे तिथे शोकाचा दिवस मानतात, बहुतेक राज्यांत नाचगाण्याच्या कार्यक्रमांना बंदी असते, तेव्हा त्या दिवशी रानवाटा किंवा नदीकाठ बरा. आणि २०२७ मध्ये ईस्टरच्याच रविवारी, २८ मार्चला, पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे जाते. त्या सकाळची गाडी धरायची असेल तर भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका.

ज्यांना तारीख निवडायची मुभा आहे त्यांनी ईस्टरऐवजी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी पाहावी. ती नेहमी गुरुवारी येते, २०२७ मध्ये ६ मे रोजी. तिकडच्याने शुक्रवारची एक रजा टाकली की तेवढेच चार दिवस मिळतात, पण शुक्रवार आणि शनिवार दुकाने उघडी, हवा उबदार आणि उजेड रात्री साडेआठ-नऊपर्यंत. अर्ज मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच द्यावा, कारण मे महिन्यासाठी पुण्यातून सहलीला जाणारी कुटुंबेही त्याच रांगेत असतात.

आपण दर वर्षी नव्या वर्षातल्या सुट्ट्यांची यादी छापता. तिच्या शेजारी जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा अशा देशांतल्या सार्वजनिक सुट्ट्या, आणि व्हिसाचा अर्ज कधीपासून देता येतो ती तारीख, असा एक चौकोन दिलात तर पुण्यातल्या अनेक घरांत तो कापून ठेवला जाईल. ही यादी सप्टेंबरात यावी. डिसेंबरच्या अखेरीस आली तर ईस्टरसाठी फार उशीर झालेला असतो.

— एक वाचक, कोथरूड, पुणे