ठरलेला भाव दारात येऊन मोडणाऱ्यांबद्दल

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान मी कित्येक वर्षं वाचतेय, काही घ्यायचं नसलं तरी वाचते, कोण काय विकतंय ते बघायला मजा येते. यंदा आमचं घर बदलायचं ठरलं आणि पहिल्यांदाच मी विकणारी झाले. एक लाकडी कपाट, वॉशिंग मशीन, मुलाची सायकल, मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि बाकी किरकोळ बरंच. थोडं पेपरात टाकलं, थोडं फोटो काढून ऑनलाइन टाकलं. दोन महिन्यांत जे काय अनुभव आले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबलंय हे माहितीय, कात्री लावा, फक्त बघताक्षणी निम्म्यावर आणू नका, तेवढं माझ्या वस्तूंचं झालंय ते पुरे.

आधीच सांगते, घासाघीस करण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः करते, चांगली करते. जुनी वस्तू म्हटली की भाव बोलला जाणारच, तिच्यावर छापील किंमत थोडीच असते. माझा राग आहे तो वेगळ्या लोकांवर, आणि खरं सांगायचं तर थोडा माझ्यावरसुद्धा.

जाहिरात टाकली की पहिल्या तासाभरात मेसेज येतात. "अव्हेलेबल आहे का?" आपण हो म्हणायचं, मग पलीकडे शांतता. दुसरा प्रकार "लास्ट किती?" अरे बाबा, कपाट तू बघितलं नाहीस, त्याला कप्पे किती, किल्ली आहे का नाही, काही विचारलं नाहीस, पहिलं काही बोलणंच झालं नाही तर लास्ट कुठून सांगू? सुरुवातीला मी भोळेपणाने सांगायचे, म्हणजे स्वतःच थोडं कमी करून सांगायचे, की पुढचा मेसेज "अजून कमी करा". म्हणजे तो लास्ट त्याच्यासाठी फर्स्ट झाला. आता माझं एकच उत्तर असतं, "येऊन बघा, मग बोलू". यात निम्मे गळतात आणि गळू देत, ते घेणारच नव्हते, टाइमपास चालला होता.

मग येतात निम्म्याहून कमी किमतीत मागणारे. मला वाटायचं हे लोक येडे आहेत किंवा मला येडं समजतायत. माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते, ती म्हणाली आई, तो येडा नाही, तो खुंटा ठोकतोय. १९७४ मध्ये डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता. लोकांसमोर एक चक्र फिरवायचे, ते मुद्दाम असं बनवलेलं की १० वर नाहीतर ६५ वरच थांबेल. मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील. आता चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? पण १० दिसलेल्यांचा मधला अंदाज २५ आला आणि ६५ दिसलेल्यांचा ४५. कानावर पडलेला आकडा डोक्यात बसतो तो असा. म्हणजे कोणीतरी तीन वेळा निम्म्या किमतीत मागितलं की चौथ्या माणसाने पाऊण दिली तरी आपल्याला तो देवमाणूस वाटायला लागतो. माझं सायकलच्या बाबतीत अगदी हेच होत होतं. त्यामुळे आता असला आकडा आला की मी त्याच्यावर बोलतच नाही, आपला आकडा परत लिहायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे बरं का. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपणच बोलून जातो, "बरं चला, थोडं कमी करू".

आता माझी चूक. कपाटाची किंमत मी लावली ती कपाट बघून नाही, त्यात तीस वर्षं काय काय ठेवलं ते आठवून. आतल्या दारावर पेन्सिलीने मुलांची उंची लिहिलेली आहे, दर सहा महिन्यांनी एक रेघ. घेणाऱ्याला त्या रेघांचं काय, त्याला ते खोडरबराचं काम. मुलीकडे यावरही प्रयोग तयार होताच. कानमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेला, काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि काहींना नाही, तर ज्यांच्या हातात मग होता ते विकायला साधारण दुप्पट मागत होते, बाकीच्यांच्या घ्यायच्या तयारीपेक्षा. आणि तो मग तर त्यांना नुकताच मिळालेला! माझं कपाट तर तीस वर्षांचं. म्हणून मग मी बाजारात तसली कपाटं कितीला आहेत ते बघितलं, त्यातही एक शहाणपण उशिरा सुचलं, ते म्हणजे जी जाहिरात महिनाभर तशीच पडून आहे तिच्यातली किंमत बघून उपयोग नाही, त्या किमतीला ते विकलं जात नाहीये म्हणूनच ती दिसतेय ना. जी दोन-चार दिवसांत गायब होते ती बघायची. मी किंमत खाली आणली, स्वतःहून, आणि मग मात्र ठरवलं की आता यातून फार हलायचं नाही.

एक जण आला. फोनवर दोनदा बोलणं झालेलं, भाव ठरलेला, मी आणखी तिघांना "गेलं" म्हणून सांगून टाकलेलं. हा माणूस टेम्पो आणि दोन हमाल घेऊनच आला. कपाटाला बोटाच्या पेरांनी टकटक केलं, खाली वाकून बघितलं, दार तीन-चारदा उघडबंद केलं, मग जीभ टाळ्याला लावून च्च असा आवाज काढला. "ताई, फोटोत वेगळं वाटलं होतं." काय वेगळं ते सांगेना. मग खिशातून नोटा काढल्या, माझ्यासमोर मोजल्या, ठरलेल्यापेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी, आणि माझ्या हातात कोंबल्याच. "एवढेच आणलेत, घ्या, खाली गाडीचं भाडं चढतंय." हमालांनी तोवर कपाट एका बाजूने उचललेलं. आमचे हे स्वभावाने भिडस्त, ते मागून हळूच म्हणतात, "जाऊ दे ना, आता आलेत ते." आणि त्या माणसाने ते ऐकलं! लगेच माझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलायला लागला, "साहेब, तुम्ही सांगा". गेलं कपाट. रात्री मला जेवण गेलं नाही, पैशासाठी नाही हो, हातात कोंबल्या त्या नोटांसाठी.

मुलगी म्हणाली या युक्तीची उलटी बाजू गाड्या विकणाऱ्यांकडे असते, आधी स्वस्त भाव सांगून हो म्हणवून घ्यायचं आणि मग कारण काढून वाढवायचा. रॉबर्ट चाल्डिनी हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये यावर प्रयोग केले, एकदा हो म्हटलेला माणूस अट बदलली तरी सहसा मागे फिरत नाही. मी हो म्हटलं होतं, बाकीच्यांना "गेलं" म्हणून कळवलं होतं, मनाने कपाट दिलंच होतं. त्या माणसाने फक्त ते ओळखलं. आणि घर कुठल्या तारखेला रिकामं करायचंय हेसुद्धा मीच त्याला फोनवर गप्पांच्या ओघात सांगून बसले होते, ती तारीख त्याच्या हातातला हुकमाचा पत्ता झाली. का विकताय असं विचारलं की आता मी म्हणते, "वापरात नाही". संपलं.

वॉशिंग मशीनच्या वेळी मग वेगळं केलं. मशीनच्या उजव्या बाजूला एक चरा आहे, त्याच्या शेजारी पट्टी धरून फोटो काढला आणि जाहिरातीत पहिलाच तो टाकला. ड्रायर थोडा आवाज करतो हेही लिहिलं. घरच्यांनी वेड्यात काढलं, दोष कोण आधी सांगतं! पण आता दारात येऊन "फोटोत वेगळं होतं" कसं म्हणणार? जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलंय म्हणे, की घेणाऱ्याला चांगली कुठली आणि बिघडलेली कुठली हे कळत नाही म्हणून यातल्या काही बिघडलेल्या असणारच असं धरून तो सगळ्यांनाच कमी भाव लावतो, आणि मग चांगली गाडी असलेले विकायलाच येत नाहीत. हे मला पटलं. निम्म्यात मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो, काहींना खरंच भीती असते की घरी नेऊन बंद पडलं तर काय. त्यांच्यासाठी बिल काढून ठेवलं, मशीन लावून पाणी भरून दाखवलं. आणि ठरलेला आकडा मेसेजमध्ये लिहून पाठवला, खाली एक ओळ, दारात वस्तू तपासा, पटली नाही तर नेऊ नका, भाव बदलणार नाही. टोकन दिल्याशिवाय कोणासाठी थांबायचं नाही आणि रांगेतल्या दुसऱ्याला "गेलं" म्हणायचं नाही, "बोलणं चालू आहे" म्हणायचं. हा दुसरा माणूस म्हणजे आपली पाठराखण आहे हो, तो आहे म्हटलं की आवाजच बदलतो आपला.

तरी एक जण दारात म्हणालाच, "कोण घेणार हो असलं जुनं?" मी म्हटलं, तुम्ही आलात की. जुन्या वस्तूला गिऱ्हाईक कसं मिळतं याचा एक खरा किस्सा आहे. १९९५ मध्ये पिअर ओमिदियारने ऑनलाइन लिलावाची साइट काढली, जिचं पुढे ईबे झालं, तिथे पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे चक्क मोडका लेझर पॉइंटर. मोडकाय हे माहितीय ना असं त्याने घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणे मी मोडकेच जमवतो. आमची मशीन तर चालू होती.

घासाघीस कशी असावी ते मला टेबल न्यायला आलेल्या एका पोरीने दाखवलं. ती आली, टेबलाखाली चक्क आडवी झाली आणि मोबाईलचा टॉर्च मारून म्हणाली, "काकू, मागच्या पायाला चीर आहे, तुम्हाला माहिती होती?" मला खरंच नव्हती. मी पण वाकून बघितलं, होती. तिने फोनवर कुठल्याशा सुताराला विचारलं, तो जेवढे म्हणाला तेवढेच कमी मागितले, एक पैसा जास्त नाही. मी त्याच्यावर आणखी थोडे कमी केले, माझ्या मनाने. वर तिला टेबललॅम्प फुकट दिला. आता तुम्हीच सांगा, कपाटवाल्याने हेच केलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?

जाता जाता एक. घासाघीस करणारा कितीही चिवट असला तरी तो निदान खरा गिऱ्हाईक असतो. जो वस्तू न बघता, एक शब्द कमी न करता लगेच हो म्हणतो आणि पैसे पाठवायला कसली तरी लिंक उघडा, आलेला कोड सांगा म्हणतो, त्याला मी जास्त घाबरते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही, आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि कोणी बघायला येणार असेल तर घरात दोघं तरी असावं, पण त्यातला दुसरा भिडस्त असेल तर त्याला आतल्या खोलीत बसवावं. आमच्याकडे आता तसंच करतो, ते पण खुश आहेत.

आता तुमच्याकडे माझी मागणी. छोट्या जाहिरातींत लोक "किंमत बघितल्यावर" असं छापतात, त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही, घेणारा समजतो वाट्टेल ते मागा. त्याऐवजी प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी दोन शब्दांची जागा ठेवा, "भाव ठरलेला" किंवा "भाव बोलू", यातलं एक विकणाऱ्याने निवडायचं. शब्दाला पैसे लागतात हे माहितीय, म्हणून दोनच सुचवतेय. सायकल अजून शिल्लक आहे, ती पुढच्या आठवड्यात टाकणार आहे, तिच्यापासून सुरुवात केलीत तर माझ्या जाहिरातीत "भाव बोलू" छापा. मागचा ब्रेक सैल आहे, तेही छापा.

आपली,
छोट्या जाहिराती वाचणारी एक वाचक