ब्रेक ऑइल ‘उडत’ नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सर्व्हिसिंगच्या बिलातली ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ ही ओळ आपल्यापैकी बहुतेक जण न वाचताच पैसे भरतात. मीही तेच करत आलो. गेल्या पावसाळ्यात दोन महिन्यांत तीन वेळा माझ्या गाडीच्या ब्रेक ऑइलची पातळी किमान खुणेच्या खाली गेली. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी भरून मिळाली आणि वर ‘थोडं उडतंच, साहेब’ असे उत्तरही मिळाले. हे उत्तर साफ चुकीचे आणि जिवावर बेतणारे आहे, म्हणून हे पत्र.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातले ऑइल वापरात जळून संपत नाही की उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा शोषून घेते. चाकाची डिस्क दाबून धरणारे पॅड झिजले, की त्यांना ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकून राहतो आणि त्यामागची वाढलेली जागा डबीतले ऑइल भरून काढते. पण ही उतरण हजारो किलोमीटरमध्ये, अगदी सावकाश होते. पंधरवड्यात पातळी उतरत असेल, तर जमिनीवर थेंब दिसो वा न दिसो, गळती आहेच.

थेंब न दिसण्यानेच माणूस फसतो. पेडल दाबले की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले, तर ऑइल त्यामागच्या, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या आत साचत राहते आणि बाहेर मागमूसही लागत नाही. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच डबीवर चालतो. त्याची गळती असेल, तर चालकाच्या पायाखालच्या मॅटखाली ओल सापडू शकते.

माझ्या गाडीचे दुखणे तिसरेच निघाले. एका वयस्कर मेकॅनिकने मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगावरून बोट फिरवले आणि ते वाटीभर पाण्यात बुडवले. पाण्यावर तवंग आला नाही, ऑइल विरघळून गेले. इंजिन किंवा गिअरचे ऑइल असते, तर तरंगले असते. मग त्यांनी त्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला आणि आतल्या, लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलली, तोच आतून पिवळसर ऑइल ओघळले. ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर भिजून निकामी झाले होते. याच गाडीतून मी कुटुंबासह दोनदा आंबा घाट उतरलो होतो आणि वळणांवर क्षणभर लागून विझणारा लाल दिवा हँडब्रेकचा समजून सोडून दिला होता. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल यांना मिळून तो एकच दिवा असतो.

गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की ब्रेक ऑइल किती भरले आणि पॅड व लायनर किती जाडीचे उरले, हे दोन आकडे बिलावर लिहावेत आणि या दोन आकड्यांचा मेळ बसत नसेल, तर चारही चाके तपासल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये.

आपला,
एक वाचक, सातारा